पिलांची पावडर आन् आमची आई

चहा कडू लागला तर बोलू नका. आमच्या आईच्या हातात काहीही पडलं, की ती आधी खळखळा उकळते.

मागं डुकरिणीची पिलं दुधावरून तोडली आन् लगेच त्यांना हगवण लागली. दौंडच्या डॉक्टरांनी पोटासाठी पावडर दिली, रोज पाण्यातून पाजायची. मी सकाळीच कंपनीत जातो, म्हणून पाजायचं काम आईकडं. डबा संपत आला तरी हगवण थांबंना. एक पिलू तर दगावलं. मी वैतागून डॉक्टरांना गोठ्यावरच बोलावलं. म्हटलं, "साहेब, तुमची पावडर काय कामाची न्हाई."

त्यांनी आईला विचारलं, "मावशी, पावडर कशी देता?"

"कशी म्हंजी? पाण्यात घालून उकळते, गार करते, मग पाजते."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, त्यात जिवंत जंतू असतात, दह्यात असतात तसे. पोटाला चांगले. उकळल्यावर सगळे मरतात."

मी आईकडं बघितलं. म्हटलं आता तरी वरमंल.

तर ती माझ्यावरच डाफरली, "ऐकलंस का? जंतू पाजायला लावत होतास. मी उकळलं म्हणून बाकीची तरी जगली."