सुस्थितीत असलेला फोन बदलल्याबाबत

विषय : सुस्थितीत असलेला फोन बदलल्याबाबत. संदर्भ : सूनबाईचा तोंडी आदेश, गेल्या महिन्यातला पहिला रविवार, वेळ चहाची. हसू नका. चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली, आता विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय मला कण्हतासुद्धा येत नाही. तर उपरोक्त विषयास अनुसरून तुम्हाला सांगतो, की जुना फोन उत्तम चालत होता!

उत्तम म्हणजे काय, तर पाचाचं बटण पुसलं होतं, पण पाच कुठे असतं हे बोटाला पाठ होतं की! मागचं झाकण रबर लावून धरलेलं... अहो, माझा चष्माही दोऱ्याने बांधलाय, म्हणून कुणी डोळे बदला म्हणत नाही. पण सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमच्या फोनवर फोटो येत नाहीत." मी म्हटलं, "कुणाचे?" म्हणाली, "कुणाचेच." मी म्हटलं, "मग बरंच आहे." त्यावर वर्तमानपत्रामागून मुलाचा आवाज आला, "घ्या ना बाबा, ती म्हणतेय तर." लग्नाआधी या मुलाला स्वतःची मतं होती.

गेलो दुकानात. फोनवाल्याच्या एका हातात एक फोन, खांद्याने कानाला दाबलेला दुसरा, आणि बोलणं माझ्याशी. माझा फोन त्याने दोन बोटांत असा उचलला, जसा मेलेला उंदीर शेपटीने उचलावा. "काका, हा अजून चालतो?" "उत्तम चालतो." "कमाल आहे!" कमाल कसली? कुणी सुधारायला गेलं नव्हतं, म्हणून चालत होता.

नवा फोन हातात दिला. मी विचारलं, "बटणं कुठे आहेत?" म्हणे, "बटणं नसतात, काका." "मग दाबायचं काय?" "दाबायचं नाही, नुसतं बोट फिरवायचं." बरं, फिरवू. पण माझं सिमकार्ड जुनं, मोठं, आणि नव्या फोनची खाच लहान. "एका मिनिटात कापून देतो," म्हणाला. कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन असतं ना, तसलंच एक यंत्र काढलं, कार्ड आत सरकवलं, टक्! दोन तुकडे. त्याने ते उजेडात धरले, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जुनं झालं ना, काका, की असं ठिसूळ होतं." कार्डाबद्दलच बोलत असावा.

"नवीन नंबर देऊ? पाच मिनिटांत चालू!"

नवीन नंबर! आता याला काय सांगू? माझी मोठी ताई चौऱ्याऐंशी वर्षांची. दोन गल्ल्या पलीकडे लेकीकडे असते. गॅस बंद केला की नाही हे तिला आठवत नाही, औषध घेतलं की नाही ते आठवत नाही, भावजींना जाऊन नऊ वर्षं झाली तेही कधीकधी आठवत नाही. पण माझ्या नंबराचे दहा आकडे मात्र पाठ! रोज चार वाजता फोन. "जेवलास का?" एवढंच विचारते. जेवलो म्हटलं की ठेवते. हे एक काम तिला कुणी सांगावं लागत नाही. तेवढंच एक उरलंय हो.

शेवटी घेतला नवा नंबर. सूनबाईने तो मोठ्या अक्षरांत लिहून ताईच्या फोनवर चिकटवला. ताईने खरवडून काढला. म्हणाली, "कुणाचा तरी नंबर इथे चिकटवून गेलेत." मी नव्या नंबरावरून फोन केला, तर म्हणते, "तू कशाला केलास? फोन मी करायचा असतो. काय झालं? कोण गेलं?"

म्हणजे जुनाच नंबर परत हवा. आता खरी गंमत. नंबर ज्याच्या नावावर, त्यालाच त्याचं दुसरं कार्ड मिळतं, आणि तो नंबर कार्यालयाच्या नावावर! नोकरीत असताना सगळ्यांना एकेक दिलेला. निवृत्त झालं की अर्ज करून स्वतःच्या नावावर करून घ्यायचा. तेवीस जणांचे अर्ज मी पाठीस लागून भरून घेतले. माझा राहिला. कारण माझ्या पाठीस लागायला मी तिथे नव्हतो!

गेलो कार्यालयात. माझ्या खुर्चीवर माझाच शिष्य, ज्याला मी शिकवलं होतं की बाबा रे, माणूस बघायचा नाही, कागद बघायचा. तो उठला, खुर्ची दिली, पाणी दिलं, "भाऊसाहेब, कसे आहात?" म्हणाला, आणि माणूस न बघता कागद बघू लागला. नमुना मीच तयार केलेला. कलम चार : अर्ज निवृत्तीनंतर तीस दिवसांत करावा. कलम पाच : विलंब झाल्यास सबळ कारण द्यावे, "विसरलो" हे सबळ कारण मानले जाणार नाही. मी म्हटलं, "अरे, हे कोणी लिहिलं?" म्हणाला, "तुमचीच सही आहे, भाऊसाहेब. भाषा किती नेमकी!"

"आणि कलम सहा?"

"पडताळणीसाठी अर्जदारास संबंधित क्रमांकावरच फोन केला जाईल. आत्ताच दोनदा लावला, भाऊसाहेब. तुम्ही उचलला नाही."

"मी तुझ्या समोर बसलोय रे!"

"तसा शेरा मारता येत नाही ना..."

खरंच येत नाही. त्या शेऱ्यासाठी रकाना मीच ठेवला नव्हता. आणि जुना फोन, तुम्हाला सांगतो, उत्तम चालत होता!

तेव्हापासून रोज पावणेचारला ताईकडे जाऊन बसतो. म्हटलं, फोन नाही तर नाही, माणूस तर समोर आहे. कालही गेलो. गप्पा झाल्या. चार वाजले तशी ताई उठली. "थांब रे जरा, तुला फोन करायचाय."

"अगं ताई, मी इथेच बसलोय की."

"बसलायस तर बस ना. म्हणून काय फोन करायचा नाही?"

दहाच्या दहा आकडे, चष्म्याशिवाय, एक चुकला नाही. कानाला लावून मन लावून ऐकलं, दोनदा "हो, हो" म्हणाली, ठेवला.

"तीच बाई उचलते. बिचारीला विसरायला होतं वाटतं, रोज तेच तेच सांगते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कुठे असतोस रे रोज चार वाजता?"

विलंबाचं कारण म्हणून मी "विसरलो" असंच लिहिलंय, दुसरं कारण नाही. सादर करून आज चोवीस दिवस झाले. अर्ज प्रलंबित आहे.