गव्हाणीवरचा हेल्पर

ऐका. शेकोटीजवळ सरका, पण चपला जळतील इतकं नको.

नदीपल्याडच्या साखर कारखान्यात तायाप्पा कोळेकर फिटर होता. एका रात्री निरोप आला, गव्हाणीच्या साखळीची कडी गेलीय, लगेच ये. गव्हाण ठाऊक आहे ना? ऊस गिरणीकडं वर ओढून नेते ती. ती थांबली की कारखाना थांबला. बैलगाड्यांची रांग वेशीपर्यंत.

तायाप्पा हत्यारांची पिशवी घेऊन निघाला. जवळची म्हणून कॅनॉलची वाट धरली. पुलापाशी एक घोंगडीवाला उभा.

"फिटर न्हवं? मी हेल्पर. द्या पिशवी."

तायाप्पानं दिली. बरंच वाटलं त्याला. आता तुम्हीच सांगा, रात्रीच्या वेळी दुसऱ्याचं ओझं मागून घेणारा माणूस कधी बघितलाय? तिथंच ओळखायचं. पण नाही ओळखलं.

गव्हाणीपाशी आले. तायाप्पानं मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

"किल्ली माझ्याकडं द्या की," हेल्पर म्हणाला.

"ही मी बायकोलासुद्धा देत न्हाई."

मग त्यानं चेन ब्लॉक, म्हणजे हातानं ओढायची साखळीची कप्पी, अडकवला. साखळीची दोन्ही अंगं ब्लॉकनं ओढून धरली, म्हणजे मधल्या कडीवरचा ताण गेला. हेल्पर चुळबुळायला लागला.

"एवढं कशाला? घाला की घण. एका दणक्यात कडीची पिन भाईर."

"आन् ताणलेली साखळी सुटून टाळक्यात बसली म्हंजी?"

"मला काय हुतंय," म्हणून तो हसला. तायाप्पाला ते हसणं काही आवडलं नाही.

जुनी कडी निघाली. इतक्यात वरून साहेबांचा आवाज आला, "तायाप्पा, बाजूला हो, सुरू करतोय." स्विच खडखड हलला. कुलूप ओढल्याचा आवाज झाला. ओढलं, पुन्हा ओढलं. निघालं नाही. तायाप्पानं बॅटरी मारली, तर स्विचपाशी कुणीच नाही. त्यानं किल्ली चाचपली, वाटेकडं बघितलं. पण काम अर्ध्यावर. नवी कडी घालून तो भोकं जुळवायला लागला.

मग कानाशी, अगदी मऊ आवाजात, त्याची बायको पारूबाई बोलली. "अहो, दमला असाल. बोट घालून बघा, जुळली का भोकं. मग घरी या."

बोट भोकापर्यंत गेलं, ऐका, अगदी कडेपर्यंत. आणि थांबलं. तेवीस वर्षांच्या संसारात पारूबाई एकदाही 'दमला असाल' म्हणाली नव्हती.

तायाप्पानं बोट मागं घेतलं आणि भोकात लोखंडी कांब घातली. खाडकन ब्लॉक सुटला, साखळी सरकली. अंगठ्याएवढी जाड कांब केसाच्या आकड्यासारखी वाकली.

बॅटरी फिरली. ब्लॉकची साखळी हेल्परच्या हातात. त्या हाताला दोन बोटं कमी. आणि पाय, टाचा पुढं.

तायाप्पा जो पळाला तो बैलगाड्यांच्या रांगेत घुसला. एका बैलाच्या गळ्यातच पडला. शेवटी चार गाडीवान कंदील घेऊन त्याच्याबरोबर आले. हेल्पर गायब. हत्यारं तिथंच पडलेली, रिकामी पिशवी मात्र खालच्या कॅनॉलच्या पाण्यात तरंगत होती. तायाप्पानं ब्लॉक पुन्हा आवळला, पिन ठोकली, ती निसटू नये म्हणून तिची कॉटर वाकवली. मग माणसं मोजली. पाचच्या पाच गव्हाणीबाहेर आली, तेव्हा कुठं करगोट्याची किल्ली सोडली. पहाटे गव्हाण चालू झाली.

जुनी माणसं सांगतात, त्या गव्हाणीत पूर्वी एका हेल्परची दोन बोटं गेली होती. त्याला अजून ती सापडली नाहीत. म्हणून तो दुसऱ्यांची मागत फिरतो.

तेव्हा रात्री कॅनॉलच्या वाटेनं जाऊ नका. दोन मैल फेरा पडला तरी वेशीवरून जा.

आता एकेकानं हात पुढं करा बघू. बोटं मोजू द्या. हं. आहेत सगळी. जा, झोपा.