चार हिरव्या, एक लाल

— अवं नाई वो नलू, घट्ट नोको! दोन-सहाचा हात आहे माहा, मले ठाऊक आहे, पण तू दोन-आठच्याच भर. हे पाय, वर सरकवली का अर्ध्या हातावर जाऊन थांबली पायजे— घसरून परत नाई आली पायजे. आन् प्लॅस्टिकच्या ठेव तिकडं, काचेच्याच दे. मागच्या खेपेसारख्या— चार हिरव्या, एक लाल, चार हिरव्या, एक लाल, वरून दोन हिरव्या. डाव्या हातात बारा, उजव्यात काईच नोको. काऊन म्हणजे? आवड आहे मले. त्या जुन्या निम्म्या फुटल्या ना, म्हणून तं पुलगावपर्यंत आली तुह्या दुकानात.

हसू नोको. गाव काय म्हणते मले माईत नाई का? बापूराव जाऊन पाच वर्सं झाले, आता कमलाबाईनं कोनासाठी हात भरले! आपल्यात कोणाची मनाई नाई, मीच घालत नव्हती— मनच होत नव्हतं वो. आता घालतो ते रुख्माबाईसाठी. हो, आमच्या नाचणगावची रुख्माबाई, तुही गिऱ्हाईक! तिच्या ओसरीवर आम्हा बायांचा दुपारी पत्त्याचा डाव असते. एकवीस. रुख्माबाई वाटते, आपण पत्ते मागाचे, बेरीज एकवीसच्या जवळ गेली पायजे, वर गेली का मेली. पैसे नाई लावत, चिंचोके लावतो— तिनं चुन्याची टिकली लावलेले, घरचे चालत नाई. आन् आखाडीच्या दिवशी माहे संपले, आन् मी बोलून गेली— स्वीटी लावतो. स्वीटी म्हणजे माही बकरी. लावली. हरली.

दोनशे चिंचोके आणले तं बकरी परत, नाई तं बैलपोयापासून कायमची तिची, पोटातल्या पिल्लासकट. पोया उद्या आहे. आजचा डाव शेवटचा. बापूरावानं वाटीनं दूध पाजून जगवलती तिले, तिची माय मेलती म्हणून— तो गेला त्याच वर्सी. आता रुख्माबाईच्या दाराशी बांधली आहे, कुंपणापलीकडून माहा आवाज आला का ओरडते. घास उतरत नाई मले, खरं सांगतो.

मंग जावई आला धावून. रत्नदीप— गोव्याच्या जुगाराच्या जहाजावर दोन वर्सं स्वयंपाकी होता, सारं पाहून आला. म्हणे मामी, गड्डी संपेस्तोवर गेलेला पत्ता परत येत नाई, तं गेला कोणता तेवढं ध्यानात ठेवा. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा गेला का एक बांगडी वर. दश्शी, चित्र, एक्का गेला का एक खाली. मधले सोडून द्या. बांगड्या जितक्या वर, तितके मोठे पत्ते अजून गड्डीत, आन् तवाच लावाचं! काई वर नसलं तं एकच चिंचोका. पहिली लाल वर गेली तं चार. दुसरी गेली तं सात. मोजत बसाचं नाई, लालीकडं पायलं का समजते— म्हणून तं लाल! आन् नशीब कितीही जोरात असलं तरी चिंचोक्याच्या डब्याच्या विसाव्या हिश्श्यावर हात जाऊ द्याचा नाई, डबा उद्याले पुरला पायजे. तिथं म्हणे अशा मोजणाऱ्याले जहाजावरून उतरवून देते. मले कोण उतरवते? बाईच्या बांगड्या तं वाजतेच!

रुख्माबाईलेच पायलीभर तूर देऊन चाळीस चिंचोके घेतले, त्याचे एकशे साठ केले म्या. केले! पण पंधरा दिवस झाले, तिथंच अडून आहे. दुसरी लाल वर गेली, मी डब्यात हात घातला, का रुख्माबाई म्हणते— थांबा, पत्ते पिसते. अर्धी गड्डी बाकी, तरी पिसते! मंग माही सारी गिनती गेली. एकदा नाई, दर बारीले. नशीब, दुसरं काय? आज मात्र मी ठरवलं. विसावा हिस्सा गेला खड्ड्यात— दुसरी लाल वर गेली का अख्खे चाळीस लावतो. तू रत्नदीपले सांगजो नोको.

भरून झाल्या? हलक्या हाताची आहे बाप्पा तू, समजलंबी नाई. आन् हे पुडकं कोनाचं? रुख्माबाईचं? पाऊ तं कोणता रंग नेते… चार हिरव्या, एक लाल. चार हिरव्या… नलू, हे काय होय? दुसऱ्यांदा नेऊन राह्यली? 'कमलाबाईसारख्याच दे' म्हणे? अवं माय! म्हणजे तीबी मोजते! माह्यावर पत्ते मेहेरबान झाले का तिलेबी दिसते, म्हणून पिसते! आन् मी बसली नशिबाले शिव्या देत!

थांब, उठू नोको. आयक. ह्या पुडक्यात दर लालीच्या आधी एक-एक हिरवी जास्त घालून दे. तिची लाल उशिरा वर जाईन, तवापर्यंत माहे चाळीस लागून जाईन. दाम दुप्पट घे. मान काऊन हलवते? इमानाचा धंदा आहे? अवं कोणाले दिसते, हे पाय, माह्याच हातावर दाखवतो— एक, दोन, तीन, चार, अन् ही पाच…

पाच?

नलू. इकडं पाय. माह्या हातात लालीच्या आधी पाच हिरव्या काऊन? खाली नोको पाऊ. सकाळी येऊन गेली ती, होय ना? काय दिलं तुले? काय म्हणते? पिल्लू? माह्या स्वीटीचं पिल्लू कबूल केलं?

…नाई, काढू नोको. राहू दे. छान दिसते. रुख्माबाईले आज दुपारभर ह्याच पाऊ दे, डोळे भरून पाऊ दे. मोजाचं मी दुसऱ्या कशावर मोजतो. कशावर, इचारते? ते तुले नाई सांगत.

हे घे तुहे पैसे. आन् गिऱ्हाईक पाय, बाहेर उभं आहे कवाचं.