डांगराखाली दडलेलं वांगं

(कौसाबाई. माहेर मढ, सासर पेठजवळची वस्ती. त्या बोलत गेल्या तसं उतरवून घेतलं.)

मी मूळची मढची, भाऊ, तिकडं माळशेजच्या अंगाला. आमच्याकडं पाऊस म्हंजी चार महिनं घोंगडी आन भातखाचरं, दुसरं काय न्हाई. पर आमची आई परसात वांगी लावायची. हिरवी, पांढऱ्या रेघांची, देठाला असं काटं की पोरं हात लावत नसत. भरीत केलं की शेजारची बाई वाटी घिऊन दारात हजर. माझं लगीन झालं तवा आईनं मला निघताना पदराच्या टोकाला त्याच वांग्याचं बी राखंत कालवून बांधून दिलं. मी म्हनलं, आई, लोकं पोरीला सोनं देत्यात आन तू राख देती व्हय? ती म्हनली, सोनं मोडून खाशील, हे लाव. रडत व्हते मी, तरी हसू आलं.

तवापस्नं ते बी मी दर साली धरलं. कसं धरायचं, तर एक चांगलं झाड बघायचं, त्याची दोन फळं ठिवायची, न्हाई तोडायची, चिंधी बांधायची म्हंजी घरातलं कुनी चुकून भाजीला तोडत न्हाई. ते फळ पार पिवळं पडलं, सुरकुतलं, की मग फोडून बी काढायचं, धुवायचं, वाळवायचं, राखंत घालायचं. एवढंच. पर एवढं कोन करतं आता? मी किती जनींना बी दिलं, सगळ्या एक साल लावत्यात, खात्यात, वा वा म्हनत्यात, आन पुढच्या साली नर्सरीतनं रोपं आनत्यात. आई गेली. मढला भाऊ हाय माझा, त्यानं टोमॅटो धरला, तारा बांधल्या, परसातलं सगळं काढून टाकलं. म्हंजी आईचं वांगं राह्यलं कुठं, तर माझ्या न्हानीमागच्या एका वाफ्यात. एक साल बी धरायचं चुकलं की संपलं.

आन चुकलंच की ओ! काय सांगू तुमाला, माझ्याच हातानं.

त्याचं असं झालं, जुन्नरची एक मनेर चाची येती आमच्याकडं बांगड्या घिऊन. लई वर्सं येती, तिची सासू यायची, आता ही. बांगड्या भरता भरता सगळ्या तालुक्याच्या बातम्या देती. दोन वर्सांमागं तिनं मला डांगराच्या चार बिया दिल्या, डांगर म्हंजी तुमी लाल भोपळा म्हनता ते. म्हनली, कौसाबाई, लई गोड हाय, पर गोठ्याच्या पत्र्यावर चढव हां, खाली नको ठिवू, हा वेल लई माजतो. आता मी कुनाचं ऐकती का? आमचं मालक म्हनत्यात, हिला उजवीकडं जा म्हनलं की ही डावीकडं बघती. गोठा लांब, तिथं पानी कोन घालनार? न्हानीचं पानी वांग्याच्या वाफ्याला आपसूक जातंय, तिथंच कडंला लावलं. एका पान्यात दोन कामं, म्हनलं.

पंधरा दिस ते गरिबासारखं व्हतं. मग जे सुटलं! सकाळी बघावं तर इथं, संध्याकाळी हात दोन हात पुढं. तनावं असं गुंडाळतंय की मिरचीची मान धरली, गवारीला खाली वाकवलं, आन पेरा पेराला मातीत मुळ्या सोडून बसलं. पानी सगळं तेच पितंय, ऊन सगळं तेच खातंय. पानं सुपायेवढाली. वांगी खाली अंधारात. मी म्हनलं आज काढते, उद्या काढते, आन तेवढ्यात आमच्या सुनंला दिस गेले.

सून माझी पूनम, मंचरला मेडिकलच्या दुकानात कामाला जाती, स्कुटीवर. लगीन होऊन पाच वर्सं झाली व्हती, आमी बोलत नव्हतो पर वाट बघत व्हतो, खोटं कशाला सांगू. सगळं घर असं आनंदलं की मालकांनी बटाट्याच्या गाडीवाल्यालाबी पेढा दिला. आन त्याच आठवड्यात डांगराला फळं लागली. आता आमच्यात कसं, डांगराला बाईमानसानं पयली सुरी लावायची न्हाई, गड्यानं फोडायचं. आन घरात पोटुशी बाई असंल तर फळाचा वेल तर कुनीच तोडायचा न्हाई. मी मालकांना म्हनलं, तुमी तोडा. ते म्हनले, मला नातू बघायचाय, मी न्हाई. लेकाला म्हनलं, सचिन, तू तोड. तो म्हनला, मी बाप व्हनार हाय, आई, मला काय येड लागलंय का? झालं! तिघं बी विळा हातात घिऊन उभं, आन वेल आमच्याकडं बघून वाढतोय.

रोज सकाळी जाऊन मी पानं वर करायची आन खाली बघायची. वांग्याची दोन झाडं वाळली, मग चार. चिंधी बांधलेलं झाड तर दिसंनाच. मी न्हानीमागं बसून रडले बगा. एका बाजूला आईचं बी, एका बाजूला सुनंचं लेकरू, आन मधी चाचीचं डांगर.

पूनमनं बघितलं. रविवार व्हता, तिला सुट्टी. म्हनली, आई, तुमाला तोडायचा न्हाई ना, मग तोडू नका, सोडवा. गुंता सोडवतो तसा सोडवा, आन चाची म्हनल्या तसा न्या गोठ्यावर. मी म्हनलं, अगं, एवढा मोठा वेल? ती म्हनली, मग काय, माणसं न्हाईत का घरात? आन पोटावर हात ठिवून खुर्ची टाकून बसली की हुकूम सोडायला. मामंजी, ते डावीकडचं तनावं. सचिन, ओढू नको, वळव. आई, खाली काठी घाला. दुपार गेली सगळी. एक एक तनावं बोटानं सोडवलं, बुडखा मातीच्या गोळ्यासकट उकरून पाटीत घेतला, गोठ्यापाशी पुरायला. मग तो वेल फळांसकट आमी तिघांनी उचलला, नवरीचा शालू मागनं धरावा तसा, आन अंगनातनं मिरवत गोठ्याकडं निघालो. रस्त्यावरनं लोकं थांबून इचारायला लागली, पावनं, कुनाचं लगीन? हसून हसून मालकांच्या हातनं एक डांगर सुटलंच, आपल्या आपन पडलं, म्हनलं ते देवाच्या मनात व्हतं, त्याची संध्याकाळी भाजी केली.

आन खाली काय, तर मिरची मेली, गवार मेली, वांगी वाळून काटक्या. एकच झाड आडवं पडलेलं, त्याला चिंधी. दोनातलं एक फळ सडलं व्हतं, दुसरं जित्तं! पर हिरवं. अजून महिनाभर तरी झाडानं तग धरायला पायजे. मी त्याला काठीचा टेकू दिला, शेनखत दिलं, तांब्या तांब्यानं पानी घातलं. आन अशात आमच्या पूनमनं काय म्हनावं? आई, मला त्याच वांग्याचं भरीत खावंसं वाटतंय. डोहाळं मोडायचं न्हाई, आन ते तर एकच फळ. ती माझं तोंड बघून अशी हसली, अशी हसली, म्हनली, गंमत केली ओ आई, आधी त्याला म्हातारं होऊ द्या.

झालं म्हातारं. पिवळंधमक. फोडलं त्या दिशी पूनमनं हट्टानं त्यातला गर तोंडात टाकला, आन असं कडू तोंड केलं की मालक खोकला येस्तवर हसलं. बी मूठभर निघालं. मी ते परातीत धुतलं आन मला आईच्या हाताचा वास आल्यागत झालं. खरं सांगते.

नात झाली. चाचीनं तिला काळ्या बांगड्या भरल्या, फुकट, आन मला चार शिव्या, त्याबी फुकट. डांगर अजून लावते मी, पर गोठ्यावर, वाफ्यापस्नं लांब. आन बी एका जागी ठिवायचं न्हाई, हे शिकले. चाचीच्या अंगनात जुन्नरला लावलंय, आन मढला भावाला जाऊन टोमॅटोच्या बांधाला लावूनच आले, त्याला इचारलंसुदीक न्हाई. परवा त्याचा फोन, व्हिडिओ कॉल. म्हनला, अक्का, हे बघ, आन त्यानं फोन असा खाली धरला. आईच्या परसात वांगं, आन त्याला माझ्या भावानं सवताच्या हातानं चिंधी बांधलेली. मी नातीला फोनपुढं धरलं. नात फोनला बोट लावून म्हनती, वां, वां.

थांबा, भाऊ, रिकाम्या हातानं जाऊ नका. ही घ्या पुडी, राख सांडू नका. पयल्या साली सगळं खाऊ नका, एका फळाला चिंधी बांधा, आन कुनी वेल दिला तर लांब लावा बरं का. जावा, सुखी ऱ्हावा, लेकराबाळांना भरीत खाऊ घाला.