लाल गोल

आत्या : लपवू नकोस. तुझ्या त्या मशीनने माझ्या छातीच्या फोटोवर लाल गोल काढलाय. मी पाहिलाय.

भाची : गोल म्हणजे 'इथे नीट बघा', एवढंच. मशीन शंका काढतं, निदान डॉक्टर करतात.

आत्या : शंका काढणारी माणसं आपल्या घरात कमी होती, म्हणून तू मशीन केलंस होय?

भाची : अगं, हजारो एक्स-रे दाखवून शिकवलंय मी त्याला. क्षयाचा डाग कसा दिसतो...

आत्या : क्षय म्हणालीस.

भाची : तोंडून निघून गेलं.

आत्या : म्हणजे उद्या माझी लेक बाळाला घेऊन येणार आणि मी दाराआडून बघायचं. दुपटी शिवली मी, आणि गुंडाळणार दुसरंच कुणी.

भाची : अजून काही ठरलेलं नाही. हे बघ, डॉक्टर आलेच. डॉक्टर, ही माझी आत्या.

डॉक्टर : ओळखलं. 'श्वास धरा' म्हटल्यावर 'किती वेळ?' विचारणाऱ्या त्याच ना? बघू दे. हं, डाग मजेशीर आहे. गळ्याजवळचं हाड ओलांडून थेट खांद्याकडे निघालाय. फुप्फुसाचा रोग असा फिरायला जात नाही.

भाची : आणि त्यात एकाखाली एक पेड दिसतायत. आत्या, केस वर बांधायला सांगितले होते ना तुला?

आत्या : बांधले होते की. मग आकडा काढायला लावला, धातू नको म्हणे. अंबाडा सुटला, वेणी घेतली पुढे. आता वेणीचा काय संबंध?

डॉक्टर : ओली होती?

आत्या : मग दवाखान्यात काय पारोशी येऊ?

भाची : वेणी. ओली, म्हणून फोटोत डागासारखी उमटली. याला मी वेणी शिकवलीच नाही. माझ्याकडचे सगळे फोटो केस नीट बांधलेल्यांचे.

आत्या : हजारो फोटो दाखवलेस, आणि बायकांना केस असतात एवढं सांगायचं राहिलं?

डॉक्टर : चला, डोक्याला रुमाल बांधून पुन्हा काढू. प्रश्न मात्र नंतर विचारा.

(थोड्या वेळाने, त्याच खोलीत.)

डॉक्टर : मशीनचा गोल नाही, आणि मलाही काही दिसत नाही. साधा खोकला आहे. तो जाईपर्यंत रुमाल तोंडाला बांधा आणि बाळाला खुशाल घ्या.

भाची : आत्या, आता का रडतेस?

आत्या : मघाशी भीतीने सुचलं नाही.

भाची : तो पहिला फोटो मशीनच्या अभ्यासाला ठेवू का? 'ही वेणी आहे, रोग नाही' असं शिकवते त्याला. तुझं नाव काढून टाकीन.

आत्या : काढतेस कशाला? चांगलं ठसठशीत लिही.

भाची : तसा नियम आहे गं.

आत्या : असो बापडा. शिकू दे त्याला, शहाणं होईल.

भाची : आणि उद्या वेणी मागे टाक हं. बाळं मुठीत धरतात आणि सोडत नाहीत.

आत्या : धरू दे की.