नऊ हिवाळे ‘गव्हाचं मौन’

डीलिया: पिशवीत काय आहे ते मी विचारतच नाहीये, व्हर्ना. एवढंच सांगा, तुम्हाला मनापासून न आवडणारं पुस्तकच आहे ना?

व्हर्ना: अगं, न आवडणारं म्हणजे... तसं वाईट नाहीये हं ते. लिहिणाऱ्यानं कष्ट घेतलेत.

डीलिया: बघा, म्हणूनच मला ह्या कागदी पिशव्या वाटाव्या लागल्या. आमच्या न्यू जर्सीत असा कार्यक्रम ठेवला असता, तर लोकांनी दारातूनच पुस्तकं भिरकावली असती. इथं मिनेसोटात येऊन मी आपली पाटी लावली, ‘गाजलेलं पण तुम्हाला अजिबात न आवडलेलं पुस्तक घेऊन या’. तर तुमच्या वाचन क्लबातले ग्लेन मला विचारतात, टेलिफोनची डिरेक्टरी चालेल का.

व्हर्ना: त्याला कुणाचं मन दुखवायचं नसेल.

डीलिया: मग डिरेक्टरीचं दुखवलेलं चालतं?

व्हर्ना: ते पण नको वाटलं असेल त्याला. म्हणूनच तर आधी विचारलं ना तुला.

डीलिया: धन्य आहात तुम्ही लोक. इथल्या ग्रंथालयात मला सहा महिने झाले, पण एकाही माणसानं कशालाही वाईट म्हटलेलं मी ऐकलं नाही. फार फार तर ‘वेगळंच आहे हं’ म्हणता. पहिल्या महिन्यात माझ्या केसांना तुम्ही सगळे वेगळेच आहेत म्हणालात आणि मी आपली खूष.

व्हर्ना: आता बरे दिसतात.

डीलिया: कळलं, कळलं. आणि हे काय? पिशवीवर नाव लिहायचं नाही, कुणाची कुठली ते कळू नये म्हणूनच हा खटाटोप, तर तुम्ही तिला लाल लोकरीचं फूल बांधून आणलंत?

व्हर्ना: नुसती पिशवी कशी द्यायची गं कुणाला?

डीलिया: अख्ख्या गावात लाल लोकर घेऊन विणणाऱ्या तुम्ही एकट्या. बरं जाऊ दे. ह्या लिंबाच्या वड्या कुठं ठेवू?

व्हर्ना: कॉफीशेजारी ठेव. डीलिया, ऐक ना. ती पिशवी मला जरा परत दे.

डीलिया: का?

व्हर्ना: मी बदलते त्यातलं.

डीलिया: बसा. आधी बसा इथं. काय आहे आत?

व्हर्ना: ‘गव्हाचं मौन’.

डीलिया: काय? तुमच्या क्लबचं लाडकं पुस्तक? दर जानेवारीत तुम्ही सगळे मिळून वाचता ते?

व्हर्ना: हळू बोल. नऊ हिवाळे वाचतेय मी ते. सातशे पानं. माझं डोकं उठतं गं. डिसेंबर लागला की मी दिवस मोजते. नाताळ संपला, आता ते येणार.

डीलिया: मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

व्हर्ना: ऑरिनचा जीव आहे त्याच्यावर. आपले हार्डवेअरवाले ऑरिन. पहिल्या वर्षी ते इथंच वर, ग्रंथालयाच्या काउंटरपाशी उभे होते, पुस्तक असं छातीशी धरून. बायको जाऊन वर्ष झालं होतं त्यांची. मी म्हटलं, सुंदर पुस्तक आहे. काहीतरी बोलायचं म्हणून. ते म्हणाले, हो, फारच. मग मीच क्लबात सुचवलं, आपण हे वाचू या. कुणीच नको म्हणालं नाही.

डीलिया: इथं कोण नको म्हणतंय.

व्हर्ना: तेव्हापासून चाललंय. दर नाताळात ते एकेकाला प्रत भेट देतात. माझ्याकडे दोन झाल्यात.

डीलिया: मग आज फोडा ना भांडं. पिशव्या निनावीच आहेत. लाल फूल तेवढं काढा.

व्हर्ना: तेच ठरवून आले होते घरून. पण मागच्या रविवारी चर्चमधून निघताना ते म्हणाले, एप्रिलमध्ये साउथ डकोटाला जायचं का? त्या लेखकाचं घर आहे तिथं, बघायला ठेवलेलं. एका बाईंकडे दोन खोल्या धरून ठेवल्यात, आज त्या बाईंना हो-नाही कळवायचंय. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला कुठं चला म्हटलंय. मला जायचंय गं त्यांच्याबरोबर. त्या घरात नाही, त्यांच्याबरोबर. हे पुस्तक मला आवडत नाही हे कळलं, तर कशाला नेतील मला? आमच्यात बोलायला दुसरं आहे काय?

डीलिया: व्हर्ना, आवडत नाही असं म्हटल्यानं माणूस मरत नाही.

व्हर्ना: तुमच्याकडे मरत नसेल.

डीलिया: दार वाजलं. तेच आलेत, टोपीवरचा बर्फ झटकतायत. पिशवी टेबलावर ठेवा आणि शांत बसा.

व्हर्ना: ते शेल्फावरचं ‘जेलीची शंभर सॅलड’ दे इकडे. दे गं लवकर. गाजलेलंच आहे ते.

ऑरिन: नमस्कार. जरा गारवा आहे.

डीलिया: उणे तीस आहे बाहेर, ऑरिन.

ऑरिन: हं. वारा नाही म्हणून बरंय. ही माझी पिशवी. कुठं ठेवू?

डीलिया: बाकीच्यांत मिसळून टाका. व्हर्नांचीही आत्ताच ठेवली. अगदी आत्ताच.

ऑरिन: व्हर्ना, ते एप्रिलचं. त्या बाईंना फोन करायचाय आज.

व्हर्ना: हो, हो. ते घर म्हणजे... वेगळंच असेल, नाही?

ऑरिन: वेगळंच.

डीलिया: अरे देवा. मी खुर्च्या लावते.

(तासाभरानं, ग्रंथालयाच्या त्याच तळघरात. क्लबाची मंडळी खुर्च्यांवर बसली आहेत. ऑरिन आणि व्हर्ना शेवटच्या रांगेत. पुढं टेबलावर आठ पिशव्या आणि एक घंटा.)

डीलिया: तर पहिली पिशवी. पुस्तकाचं नाव वाचते. ज्याला वाटेल त्यानं उठून त्याची खरडपट्टी काढायची, तीन मिनिटं. मग मी घंटा वाजवणार. पहिलं आहे... ‘गव्हाचं मौन’.

व्हर्ना: अगं बाई.

ऑरिन: हं.

डीलिया: बोला ना कुणीतरी. नाही? सगळे बुटांकडे का बघताय? बरं, दुसरी पिशवी. दुसरी... ‘गव्हाचं मौन’.

व्हर्ना: ऑरिन, मनाला लावून घेऊ नका. कुणीतरी चुकून टाकलं असेल.

ऑरिन: दोघांनी?

डीलिया: तिसरी. थांबा, तुम्ही माझी गंमत करताय का? तिसरंही तेच. चौथं... तेच. बेव्हर्ली, तोंडावर रुमाल धरून काय हसताय, उठून बोला. मागं ऐकू जात नसेल तर मी सांगते. बेव्हर्ली म्हणतायत, कुंपण घालायचं प्रकरण साठ पानांचं आहे, आणि साठाव्या पानावर कुंपण पडतं.

व्हर्ना: आणि मग तो ते पुन्हा घालतो.

ऑरिन: काय म्हणालात?

व्हर्ना: काही नाही. खोकला आला.

डीलिया: ग्लेन, बोला. ग्लेन म्हणतायत, ती घोडी चाळीस पानं मरत असते. दर जानेवारीत ते तिला हात जोडून सांगतात, बाई, ह्या वर्षी तरी लवकर आटप. ऐकताय ना मागं? घंटा वाजवायची सोय ठेवली नाही तुम्ही, सगळे एकदम बोलताय. इतकी वर्षं वाचलंत का मग? काय? ग्लेनना वाटलं बेव्हर्लींना आवडतं. आणि बेव्हर्लींना वाटलं ग्लेनना. धन्य. पाचवी पिशवी, ‘गव्हाचं मौन’. सहावी, तेच. सातवी, तेच. आता ही शेवटची, लाल फूलवाली. ‘जेलीची शंभर सॅलड’.

व्हर्ना: माझ्याकडे का वळून बघताय सगळे?

डीलिया: बेव्हर्ली, काय म्हणताय? व्हर्ना, त्या तुमची माफी मागतायत. सगळेच मागतायत. तुम्हाला एकटीलाच ते पुस्तक मनापासून आवडतं आणि आपण तुमच्यादेखत त्याची चेष्टा केली, म्हणून. ग्लेन म्हणतायत, ती घोडी तशी चांगली होती.

ऑरिन: व्हर्ना.

व्हर्ना: तुम्ही कोट का घालताय?

ऑरिन: मला माफ करा. त्यातली एक पिशवी माझी आहे.

व्हर्ना: तुमची? पण त्यात तर...

ऑरिन: तेच होतं. मला वाटलं, निनावी आहे, एकदा मन मोकळं करावं. तुमच्यासमोर असं व्हायला नको होतं. तुमचं इतकं लाडकं पुस्तक. निघतो मी. त्या बाईंना नको म्हणून कळवतो.

व्हर्ना: खाली बसा.

ऑरिन: नको, लोकांसमोर...

व्हर्ना: ऑरिन, बसा म्हणते ना. डीलिया, मला बोलायचंय.

डीलिया: सॅलडवर?

व्हर्ना: सॅलडचं मरू दे. त्या पिशवीत आधी हेच होतं, भ्यायले म्हणून मी ते बदललं. सातशे पानं. सातशे पानं तो माणूस गव्हाकडे बघत उभा राहतो. गहू बोलत नाही. हा बोलत नाही. लेखकाला वाटतं ह्यात फार मोठं काहीतरी आहे. मला वाटतं दोघांनाही काही सुचत नाही. हसू नका रे, मला दम लागतो. जेवायला काय तर रोज शिजवलेला सलगम, आणि त्या सलगमाचं वर्णन चार पानं. आणि ती बायको त्याची. अख्ख्या पुस्तकात ती एकदाच तोंड उघडते. म्हणते, घराला पश्चिमेकडे एक खिडकी हवी मला. तो ‘बघू’ म्हणतो आणि नांगर धरतो. ती पुन्हा मागतच नाही. पुढच्या प्रकरणात न्यूमोनियानं मरते, आणि समीक्षक म्हणतात, काय ते मौन. कसलं आलंय मौन? दर वर्षी त्या पानाशी आले की मला तिला गदागदा हलवावंसं वाटतं. अगं, दुसऱ्यांदा माग ना. ओरड त्याच्यावर. ताटली आपट.

डीलिया: तीन मिनिटं झाली हो. घंटा वाजवतेय मी.

व्हर्ना: वाजव. मला हे पुस्तक आवडत नाही. नऊ वर्षं नाही आवडलं. बास. झालं.

डीलिया: टाळ्या थांबवा, ग्लेन, खुर्ची मोडेल. बेव्हर्लींना कुणीतरी पाणी द्या, हसून हसून जीव जाईल त्यांचा.

ऑरिन: व्हर्ना, पाणी घ्या तुम्हीही.

व्हर्ना: द्या इकडे.

ऑरिन: पहिल्या वर्षी मी ते परत करायला आलो होतो.

व्हर्ना: काय?

ऑरिन: काउंटरपाशी. तीस पानं वाचून सोडून दिलं होतं, परत करायला रांगेत उभा होतो. तुम्ही आलात, सुंदर पुस्तक म्हणालात. मग घरी परत नेलं आणि सगळं वाचलं. तुमच्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून.

व्हर्ना: छातीशी धरलं होतंत हो तुम्ही.

ऑरिन: दुसऱ्या हातात खिळ्यांचा डबा होता.

व्हर्ना: आणि त्या प्रती? दर नाताळात?

ऑरिन: तुमचा आवडता विषय गावात वाढावा म्हणून.

डीलिया: मला बसायला खुर्ची द्या कुणीतरी. बरं मंडळी, कार्यक्रम संपला. पुढच्या जानेवारीत काय वाचायचं ते पुढच्या आठवड्यात ठरवू, आणि ज्याला नको असेल त्यानं तोंडानं नको म्हणायचं. कोट घाला. नाही, दारात उभं राहून अर्धा तास गप्पा मारायच्या नाहीत, तळघर गार पडतंय.

व्हर्ना: जा गं तूही. भांडी मी विसळते.

डीलिया: ठीक आहे, गाडी गरम करते तोवर. ताटलीत एक वडी उरलीय बघा. तुमच्या रिवाजाप्रमाणे अर्धी अर्धी करत तिचा चुरा होईपर्यंत बसू नका इथं.

ऑरिन: चांगली आहे पोरगी.

व्हर्ना: हो. केसही चांगले होते तिचे.

ऑरिन: ती वडी घ्या ना.

व्हर्ना: नको, तुम्ही घ्या.

ऑरिन: माझ्या झाल्या दोन. सुरी देऊ? अर्धी करू.

व्हर्ना: नको सुरी. अख्खी घेते. मला हवीय.

ऑरिन: घ्या की. बरंय. व्हर्ना, ते डकोटाचं मग... आता तिथं जाण्यात काही अर्थ नाही. बाईंना फोन करून नको सांगतो.

व्हर्ना: का?

ऑरिन: दोघांनाही पुस्तक आवडत नाही.

व्हर्ना: पुस्तकाबरोबर कुठं जाणार होते मी?

ऑरिन: म्हणजे?

व्हर्ना: त्या लेखकाच्या घरासमोरून गाडी न थांबवता न्यायची. सलगम दिसला तर काच वर करायची. पुढं नदी आहे ना तिथं? तिथं थांबायचं.

ऑरिन: नदी आहे. मोठी आहे.

व्हर्ना: बोलायला विषय नाही उरला आता आपल्याला.

ऑरिन: घोडीबद्दल बरंच बोलायचंय मला. नऊ वर्षांचं साठलंय.

व्हर्ना: मग लावा फोन.

ऑरिन: लावतो. येतोय म्हणून सांगतो. आणखी काही सांगू त्यांना?

व्हर्ना: हो. माझ्या खोलीला पश्चिमेकडे खिडकी हवी म्हणावं.