डोरीनच्या अंगणातला मुक्काम

डोरीन : मग मी ती गादी उन्हात कशाला घातली होती? चादरी धुतल्या, वाळत घातल्या, त्यांच्यावर लाल धूळ बसली म्हणून पुन्हा धुतल्या. आणि तुम्ही दोघं माझ्या अंगणात त्या पत्र्याच्या डब्यात झोपणार.

एव्हिस : डबा काय म्हणतेस, डोरीन. कॅरावॅन म्हण. घरच आहे ते आमचं आता.

डोरीन : घर. चाकांवरचं. सख्ख्या बहिणीकडे यायचं, अर्धा देश ओलांडून यायचं आणि येताना स्वतःचं अंथरूण बरोबर आणायचं. पलीकडच्या फार्मवरच्या इनेझने विचारलं तर काय सांगू? बहीण आलीय, पण माझ्या छपराखाली झोपायला तिला कमीपणा वाटतो?

एव्हिस : कमीपणा कसला गं. सवय झालीय. क्लाइव्हला दुसऱ्या खाटेवर झोप येत नाही.

डोरीन : क्लाइव्हला? तो तर मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये गोणपाटावर घोरत पडायचा. माझ्या लग्नात ट्रकच्या हौद्यात झोपला होता आणि दुपारपर्यंत उठला नव्हता.

एव्हिस : तेव्हा तरुण होता.

डोरीन : आणि इतका वेळ तो बाहेर करतोय काय? चहा निवून गेला.

एव्हिस : गाडी एका पातळीत आणतोय. चाकांखाली ठोकळे सरकवतो, मग आत ओट्यावर एक अंडं ठेवून बघतो. अंडं घरंगळलं की पुन्हा ठोकळे. त्याचं समाधान झाल्याशिवाय येणार नाही.

डोरीन : आज गाडी तू मागे घेतलीस. तो मागे उभा राहून हात करत होता. हे कधीपासून? पूर्वी तर तुला ट्रॅक्टरच्या किल्लीला हात लावू देत नव्हता.

एव्हिस : खांदा दुखतो त्याचा.

डोरीन : हं.

क्लाइव्ह : झालं एकदाचं. आता ते अंडं लोळणार नाही. डोरीन, तुझ्या अंगणाची जमीन तुझ्यासारखीच आहे बघ, एका बाजूने आडमुठी.

डोरीन : ये, बस. गरम स्कोन खा, आत्ताच भाजलेत. तुझ्या बायकोने माझ्या गादीवर नाक मुरडलंय, तू निदान खाण्यावर तरी मुरडू नकोस.

क्लाइव्ह : खाण्यावर आणि मी? जर्दाळूचा जॅम आहे ना? आहे. मग मी दोन घेणार. एव्ही, बघ, याला म्हणतात स्कोन. तुझे दरवाजा अडवायला ठेवता येतील.

एव्हिस : आजवर खाल्लेस ना गुपचूप?

क्लाइव्ह : भुकेपोटी खाल्ले. बाकी काय डोरीन, टेड कुठाय? एव्हाना यायला हवा होता. कुंपण बघायला गेलाय वाटतं?

एव्हिस : क्लाइव्ह, मागच्या चाकाखालचा ठोकळा नीट बसलाय ना? मला मघाशी सैल वाटला.

क्लाइव्ह : सैल? मी लावलेला? थांब, बघून येतो. नाहीतर ही झोपू देणार नाही मला. टेड आला की हाक मार हं, डोरीन. त्या जुन्या पंपाबद्दल बोलायचंय त्याच्याशी.

(क्लाइव्ह बाहेर जातो. जाळीचं दार मागे आपटतं.)

डोरीन : एव्हिस.

एव्हिस : अजून थोडा चहा ओत ना.

डोरीन : नाही ओतत. माझ्या टेडला जाऊन चार वर्षं झाली. शवपेटीला पुढून डावा खांदा क्लाइव्हने दिला होता. माझ्यापेक्षा जास्त तोच रडला होता त्या दिवशी.

एव्हिस : हो.

डोरीन : चेष्टा करत होता?

एव्हिस : नाही गं.

डोरीन : मग बोल.

एव्हिस : विसरतोय तो. दीड-दोन वर्षं झाली. आधी चष्मा, किल्ल्या, ते आपल्या सगळ्यांचंच होतं. मग एक दिवस बाजारात गेला आणि घरी येण्याऐवजी त्याच्या जुन्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला, जेवणाचा डबा हातात घेऊन. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, हे आता उतरणीलाच लागणार.

डोरीन : आणि मला फोनवर सांगत होतीस की आम्ही मजेत फिरतोय.

एव्हिस : फिरत तर होतोच. ज्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं ना, त्या दिवशी त्याने गाडीत बसल्या बसल्या माझा हात धरला. म्हणाला, एव्ही, मला खिडकीशी खुर्चीत बसवून ठेवू नकोस. जोवर जमतंय तोवर चालत राहू. मी शब्द दिला. घर विकलं. मग म्हटलं, जोवर तो माणसं ओळखतोय तोवर सगळ्यांना भेटून घेऊ. आधी मिल्ड्युराला त्याच्या दोस्ताकडे, लेसकडे, मग त्याच्या चुलतभावाकडे, मग भाचीकडे पार ॲलिस स्प्रिंग्जला.

डोरीन : आणि मी सगळ्यात शेवटी. मोठी बहीण मी, पण शेवटी.

एव्हिस : तुझ्याकडे आले असते तर पुढे निघवलं नसतं मला. म्हणून लांबवत राहिले.

डोरीन : रडू नकोस. नाहीतर रड. हा घे टॉवेल, स्वच्छ आहे.

एव्हिस : तुझी खोली आवडली नाही म्हणून नकार दिला, असं नाही गं. लेसने आम्हाला अशीच छान खोली दिली होती. सकाळी क्लाइव्ह उठला, त्याला दार सापडेना. कपाटात शिरला आणि आत उभा राहून कपडे ढकलत मला हाका मारत होता. घामाने निथळत होता, डोरीन. चेहरा असा झाला होता, लहान मूल जत्रेत हरवावं तसा. कॅरावॅनमध्ये तसं होत नाही. हात लांब केला की दार, पाय खाली टाकला की चप्पल, वळलं की किटली. तिथे तो पूर्वीचा क्लाइव्ह असतो.

डोरीन : मग हे आल्या आल्या सांगायचं. मी मूर्खासारखी चादरींवरून भांडतेय.

एव्हिस : भांडलीस तेच बरं वाटलं. इतके दिवस माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलतात.

डोरीन : मग आता काय? इथून पुढे कुठे?

एव्हिस : तेच तर कळत नाहीये. परवापर्यंत मला वाटायचं, कॅरावॅन आहे तोवर निभेल. पण परवा विल्कॅनियाच्या अलीकडे नदीकाठी मुक्काम होता. बऱ्याच गाड्या लागल्या होत्या. तुला माहितेय, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या गाड्या सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची रचना तीच. मी कपडे धुवायला गेले. आले तर क्लाइव्ह नाही.

डोरीन : नदीकडे गेला?

एव्हिस : मलाही तेच वाटलं. मी किनाऱ्याने हाका मारत धावत सुटले. शेवटी एक बाई आली, म्हणाली, तुम्ही कुणाला शोधताय, ते आमच्याकडे आहेत. हा पठ्ठ्या त्यांच्या कॅरावॅनमध्ये शिरला होता. आत गेला, बूट काढले, किटली लावली. तिथेही किटली त्याच जागी ना. तिचा नवरा फिरून आला तर हा त्यांच्या टेबलाशी त्यांच्याच कपात चहा पीत बसलेला. आणि वर त्यालाच म्हणाला, या, बसा, बायको येईलच एवढ्यात.

डोरीन : हसू नये, पण...

एव्हिस : हस. तेही हसले. भली माणसं होती, मलाही चहा दिला. पण मला हसू आलं नाही. त्याला तिथून उठवताना त्याने मला विचारलं, अगं, आपलंच घर सोडून कुठे नेतेस मला? तेव्हा कळलं, आता कॅरावॅनही त्याच्यासाठी आपली राहिली नाही. माझी मनगटं दुखतात, धुरळ्यात समोरचा ट्रक दिसत नाही, एक डोळा त्याच्याकडे ठेवायचा, एक रस्त्याकडे. मुलगी म्हणते, आई, त्याला एखाद्या संस्थेत ठेव. तिचंही बरोबर आहे. पण मी शब्द दिलाय. मला थांबायचंय, डोरीन, आणि थांबले तर त्याला फसवल्यासारखं होईल.

डोरीन : सकाळी उठल्यावर तो पहिलं काय करतो?

एव्हिस : पडदा सारतो. विचारतो, कुठे आलो गं आपण? मी गावाचं नाव सांगते. मग म्हणतो, बरी आहे जागा, कालच्यापेक्षा बरी.

डोरीन : आणि एकाच जागी राहिलात तर?

एव्हिस : ब्रोकन हिलला टायर यायचा होता म्हणून अडकून पडलो होतो. तिथेही रोज हेच. रोज पडदा, रोज, कुठे आलो, रोज कालच्यापेक्षा बरी.

डोरीन : मग गाडी हलो न हलो, तो निघालेलाच असतो की. शब्द मोडायचा प्रश्न कुठे आला?

एव्हिस : असा विचार नव्हता केला मी.

डोरीन : कसा करशील? तू त्या स्टीअरिंगला लटकून बसलीयस. ऐक माझं. गाडी आहे तिथेच राहू दे, त्या झाडाखाली. माझ्या खोलीत झोपू नका, मी पुन्हा बोलणार नाही. इथून कुठल्याही बाजूला दिवसभर गाडी हाकलीस तरी दुसरी कॅरावॅन दिसायची नाही. चुकून शिरेल कुणाच्या? मेंढ्यांच्या शेडमध्ये? तिथे किटली नाही.

एव्हिस : आणि लांब चालत गेला तर? इथे पाणी नाही, सावली नाही.

डोरीन : घराभोवती कुंपण आहे, त्याचं फाटक मलाच उचलत नाही. आणि माझी कुत्री अशी आहे की वाट चुकलेलं कोकरू असो नाहीतर पाहुणा, वळवून घरी आणते. डॉक्टरांचं विमान महिन्यातून एकदा येतं, टेडच्या आजारपणात साफ केलेली धावपट्टी मी अजून गवत काढून नीट ठेवते. कशाला ठेवते ते मला कळत नव्हतं इतके दिवस.

एव्हिस : तुझ्यावर किती भार पडेल.

डोरीन : भार. चार वर्षं मी रेडिओशी भांडतेय, एव्हिस. तो उलट उत्तर देत नाही. मीही माणूसच आहे, मलाही कुणीतरी हवंय. मी तुझ्यावर उपकार करत नाहीये, हे आधी डोक्यात घे.

एव्हिस : तो रोज तुला टेडबद्दल विचारेल. रोज. ते सोसेल तुला?

डोरीन : या घरात आता कुणी त्याचं नाव घेत नाही. इनेझ येते, पाद्री येतो, सगळे जपून बोलतात, त्याच्या खुर्चीकडे बघायचंही टाळतात. मघाशी क्लाइव्हने विचारलं ना, टेड कुठाय म्हणून, तेव्हा माझं काळीज लक्कन हललं. पण खरं सांगू? बरं वाटलं. कुणाला तरी अजून वाटतं की तो दारातून आत येईल.

एव्हिस : डोरीन...

डोरीन : डोळे पूस. येतोय तो.

क्लाइव्ह : येऊ का आत? माफ करा हं, दार नुसतंच लोटलेलं होतं.

डोरीन : या ना.

क्लाइव्ह : आम्ही इथे शेजारीच उतरलोय. ती पांढरी कॅरावॅन आमची. आणि ही माझी बायको, एव्हिस. घ्या, ही माझ्या आधीच येऊन चहाला बसलीय. हिचं असंच आहे, जिथे जाऊ तिथे मैत्रीण जोडते.

एव्हिस : हो. ही डोरीन.

क्लाइव्ह : नमस्कार, डोरीनबाई. तुम्ही बरेच दिवस आहात वाटतं इथे मुक्कामाला? सामान चांगलं लागलंय.

डोरीन : बरेच दिवस झाले.

क्लाइव्ह : जागा कशी आहे?

डोरीन : माशा आहेत. पाणी जरा खारट लागतं. शेजार नव्हता इतके दिवस, आता तुम्ही आलात. बसा, स्कोन घ्या.

क्लाइव्ह : वा. जर्दाळूचा जॅम. आणि तुम्ही एकट्याच प्रवासाला? की यजमान आहेत बरोबर?

डोरीन : आहेत ना. टेड नाव त्यांचं. कुंपण बघायला गेलेत. येतीलच.

क्लाइव्ह : मग त्यांना भेटल्याशिवाय निघायला नको. काय गं, एव्ही?

एव्हिस : नको. थांबू या.